माळावरचा क्लच, हायवेवरचा ब्रेक

लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. मार्गशीर्ष वद्यात, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, नांदेड-लातूर रस्त्यालगतच्या या गावी घोडे, गाढवं, उंट आणि लाल कंधारी, देवणी जनावरं येतात. घोड्यांच्या बाजारात नुसतं रूप पाहून सौदा होत नाही. गिऱ्हाईक जबडा उघडून दात बघतं, खूर उचलून बघतं आणि मग म्हणतं, चालवून दाखवा. विकणाऱ्याचा माणूस मांड टाकतो, गर्दी बाजूला सरते आणि घोडा रेवाल चालीनं निघतो. चाल खरी असेल तर स्वार जागचा उसळत नाही. पाहणारे घोड्याइतकेच स्वाराकडेही बघत असतात.

ही विद्या शिकवणारी शाळा या भागात नव्हती. ज्याच्या दारी घोडा, त्याच्या घरचं पोर आधी थोरल्याच्या पुढ्यात बसायचं, मग एकट्यानं बसायचं, पडायचं, पुन्हा चढायचं. कंधार-लोह्याकडचा माणूस मोटारसायकल शिकला तोही याच वाटेनं. शिकवणारा कोण? काका, मामा, थोरला भाऊ, नाहीतर गावातला मेकॅनिक. फी नाही, वर्ग नाही, प्रमाणपत्र नाही. वाहन बदललं, शिकण्याची रीत तीच राहिली. त्या रीतीत फार मोलाचं काही होतं आणि एक जीवघेणी उणीवही होती. दोन्ही नीट समजायचं तर सुरुवात गाडीपासून नव्हे, रस्त्यापासून करावी लागते.

लोहा हे १९९९ पर्यंत कंधार तालुक्यातलं बाजाराचं गाव; त्या वर्षी ते स्वतः तालुका झालं. मुलूख जुन्या निजामी राज्याचा. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्रात. सिकंदराबादहून मनमाडकडे गेलेला मीटरगेज लोहमार्ग नांदेडवरून गेला. लोह्याच्या वाट्याला रेल्वे आली नाही. निजाम स्टेट रेल्वेनं १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली, पण आतल्या खेड्यांना आधार होता तो बैलगाडीचा, घोड्याचा आणि पायवाटेचा. पावसाळ्यात काळ्या रानात बैलगाडीसुद्धा रुतायची. आजारी माणूस बाजेवर घालून चौघांनी खांद्यावरून न्यायचा, हे जुन्या माणसांच्या बोलण्यात अजूनही येतं.

मग १९७२ चा दुष्काळ पडला. मराठवाड्यातली गावंच्या गावं दुष्काळी कामावर गेली. ज्यांच्या घरी चार बैल होते तेही खडी फोडायला बसले, बायकांनी डोक्यावर मुरमाच्या टोपल्या वाहिल्या. त्या कामांतून पाझर तलाव झाले, बांध झाले आणि रस्ते झाले. १९७७ ला रोजगार हमीचा कायदा आला आणि हे काम पुढंही चालू राहिलं. मराठवाड्यातल्या कितीतरी खेड्यांना चाक फिरेल असा पहिला रस्ता मिळाला तो असा, उपाशी माणसांच्या हातांनी केलेला. मोटारसायकलीचा इतिहास लिहिताना कारखान्यांची आणि मालकांची नावं येतात. खडी फोडणाऱ्यांची येत नाहीत. ऐंशीच्या दशकातली पोरं ज्या रस्त्यावर गाडीचा तोल सांभाळायला शिकली, तो रस्ता त्यांच्या आईबापांनी फोडलेल्या खडीचा होता, हे कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे.

या रस्त्यांवर आधी आली सायकल. बाजाराच्या गावी सायकलचं दुकान असायचं आणि तिथं सायकल तासावर भाड्यानं मिळायची. सायकल मोठ्या माणसाच्या मापाची, पोराचा पाय सीटवरून पोचायचा नाही. म्हणून ते नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचं. अंग एका बाजूला कलंडलेलं, सायकल दुसऱ्या बाजूला. तोल म्हणजे काय हे शरीराला कळायचं ते तिथं. पुढं मोटारसायकल शिकवताना पहिला प्रश्न हाच असायचा, सायकल येते का? येत असेल तर निम्मं काम झालेलं. ज्याला येत नसे त्याला काका सांगायचे, आधी सायकल शीक, मग ये.

मोटारसायकली गावात आल्या त्या आधी तीन-चार दारांत. डॉक्टर, मोठा बागायतदार, कंत्राटदार, एखादा पुढारी. बुलेट १९५५ पासून मद्रासला बनू लागली होती. जावा १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यातून यायची. आणि राजदूत, फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सची, पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घडवलेली, १७३ सीसीची टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं, निळसर धूर सोडत ती निघायची. दूध, चारा, खताचं पोतं, तीन माणसं, सगळं वाहायची. खेड्यापाड्यात खरी रुळली ती हीच.

या गाड्यांची एक गोष्ट आज फार थोड्यांना आठवते. कुठल्याही दोन गाड्या सारख्या नव्हत्या. बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. आजच्या गाड्यांच्या अगदी उलट. जावाला किक आणि गिअर यांचा दांडा एकच, किक मारून झाली की तोच दांडा पुढं वळवून त्यानं गिअर टाकायचा. बजाजच्या स्कूटरला गिअर डाव्या मुठीत, क्लच दाबून मूठच फिरवायची. त्यामुळं ‘गाडी येते’ असं नुसतं म्हणून चालायचं नाही. कुठली येते हे सांगावं लागायचं. राजदूतवर हात बसलेला माणूस बुलेटवर बसला आणि घाईत ब्रेक म्हणून उजवा पाय दाबला तर गाडी थांबायच्या ऐवजी गिअर बदलायची. शिकवणाऱ्याचं ज्ञान त्या एका यंत्रापुरतं असायचं आणि शिकणाऱ्याचंही.

हे चित्र बदलायला सुरुवात झाली ती दोन अगदी साध्या गाड्यांनी. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं लुना आणली. ५० सीसी, गिअर नाही, क्लच नाही, सायकलसारखे पायडल मारून सुरू करायची आणि पेट्रोल संपलं तर तशीच पायडल मारत घरी आणायची. शिक्षक, पोस्टमन, छोटा दुकानदार यांच्या आवाक्यातली ही पहिली इंजिनची गाडी. १९८६ मध्ये बजाजची एम-८० आली. मुठीतला गिअर, मागं मजबूत कॅरिअर, दोन्ही अंगाला दुधाच्या किटल्या लटकवल्या तरी तक्रार न करणारी. लुनावर रेस आणि ब्रेक शिकायचे, एम-८० वर क्लच आणि गिअर शिकायचे आणि मग मोठ्या मोटारसायकलीला हात लावायचा, अशी पायऱ्यांची एक शिडी आपोआप तयार झाली. कोणी ठरवून केलेली नाही. पण नवशिक्यासाठी याहून चांगला क्रम आजही कोणाला सुचवता येणार नाही.

१९८५ हे वर्ष मराठवाड्याच्या दुचाकीच्या इतिहासात दोनदा नोंदवावं लागतं. बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याची पायाभरणी जानेवारी १९८४ मध्ये झाली आणि अवघ्या सोळा महिन्यांच्या बांधणीनंतर, १९८५ मध्ये, औरंगाबादजवळच्या त्या माळावर उत्पादन सुरू झालं. कापूस, ज्वारी आणि स्थलांतर एवढंच माहीत असलेल्या प्रदेशातली पोरं आयटीआय करून गाड्या जोडायच्या कामाला लागली. आणि त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी-१०० बाजारात आली. ९७ सीसी, फोर-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट संपली आणि लिटरभर पेट्रोलमध्ये ती जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांपेक्षा कितीतरी लांब जाऊ लागली. शेतकऱ्याच्या हिशेबात बसणारी मोटारसायकल ती हीच. १९९४ ला स्प्लेंडर आली, १९९७ ला बॉक्सर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस देशात मोटारसायकलींचा खप स्कूटरच्या पुढं गेला आणि २००१ मध्ये हिरो होंडा जगातली सर्वांत मोठी दुचाकी बनवणारी कंपनी झाली. जनगणनेत देशातल्या दुचाकी असलेल्या घरांचं प्रमाण २००१ ला शंभरात जेमतेम बारा होतं, २०११ ला एकवीस. हप्त्यावर गाडी मिळू लागली, सोयाबीनचा पैसा हातात येऊ लागला. गावात तीन दारांत असलेली गाडी तीस दारांत गेली.

त्या तीस दारांतली माणसं शिकली कशी, ते जवळून बघण्यासारखं आहे.

संध्याकाळी ऊन उतरलं की गाडी माळावर न्यायची. नाहीतर सुगी संपलेलं खळं, शाळेचं मैदान, आठवडी बाजाराची मोकळी जागा. काका गाडी डबल स्टँडवर लावायचे. चाक अधांतरी. किक मारून गाडी चालू करायची, पोराला वर बसवायचं. क्लच दाब, पहिला टाक, आता सोड. मागचं चाक हवेत फिरायला लागायचं. पुन्हा दाब, दुसरा टाक. पोराचं सगळं लक्ष पायाकडे, काकांचं त्याच्या डाव्या हाताच्या बोटांकडे. हे झालं की गाडी जमिनीवर. पहिल्यांदा सगळ्यांचं एकच व्हायचं, क्लच झटक्यात सुटायचा, गाडी उडी मारून बंद पडायची. मग काका ती गोष्ट सांगायचे जी कुठल्याही पुस्तकाहून नेमकी होती: “रेस देऊच नको. नुसता क्लच सोड, बारीक बारीक. जिथं गाडी थरथरंल ना, तिथं हात धरून ठेव.” पोर बोटं उघडत जायचं, एका जागी इंजिनाचा आवाज दबायचा, गाडी अंग हलवायची. तीच जागा. तिथं बोटं थांबली की गाडी माणसाच्या चालीनं पुढं सरकायची. ती जागा सापडल्यावर पोराच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा. काका मागच्या सीटवर बसून दोन्ही खांद्यांवरून हात पुढं घालायचे आणि हँडलला नुसते लावून ठेवायचे. दोन-चार फेऱ्यांनंतर ते हात मागं घ्यायचे आणि पोराला ते कळायचंसुद्धा नाही.

मग पावसाळ्याचा धडा. काळी माती भिजली की चाकाला चिकटते, चाक फिरेल तसा थर वाढतो आणि मडगार्ड नि टायर यांच्यामधली जागा गच्च भरते. पुढचं चाक फिरायचं थांबतं. गाडी चालू, माणूस वर, आणि चाक नांगराच्या फाळासारखं माती रेटत जातं. उतरून तुराटीनं, नाहीतर हाताला लागेल त्या काठीनं माती खरवडून काढायची आणि पुन्हा निघायचं. अशा रस्त्यावर पहिला गिअर, अर्धा क्लच, दोन्ही पाय जमिनीला घासत आणि पुढचा ब्रेक अजिबात नाही. पुढचं चाक चिखलात आवळलं की हँडल हातातून जातंच. म्हणून शिकवताना प्रत्येकानं प्रत्येकाला सांगितलं, पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील. मुरमाच्या आणि चिखलाच्या रस्त्यावर, तीस-पस्तीसच्या वेगात हे सांगणं बरोबर होतं. अनुभवातून आलेलं, जीव वाचवणारं शहाणपण होतं ते.

दुसरी शाळा गॅरेजची. पंक्चर काढायला आणि हाताखाली पाने द्यायला ठेवलेलं बारा-तेरा वर्षांचं पोरगं आधी नुसतं प्लग घासायचं, मग चेन आवळायचं, मग कधीतरी उस्ताद म्हणायचे, जरा चक्कर मारून बघ, आवाज कुठून येतो. गाडी कशी चालते हे कळायच्या आधी ती का बंद पडते हे त्याला कळलेलं असायचं. लोहा, सोनखेड, माळाकोळी अशा गावांतल्या मेकॅनिकांची एक पिढी अशी तयार झाली. लायसनचं वय होण्याच्या कितीतरी आधी ही मुलं शंभर तऱ्हेच्या गाड्यांवर बसली. गावातले लोक गाडी शिकायला त्यांच्याकडे जायचे, कारण ते चुकल्यावर ओरडत नसत.

एक गोष्ट इथं टाळता येणार नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, पण मराठवाड्यात नव्वदच्या दशकात लग्नाच्या बोलणीत सोन्याच्या आणि रोख रकमेच्या सोबत गाडी येऊन बसली. नवरा मुलगा कसलाही असो, मोटारसायकल हवी. मुलीच्या बापानं रान गहाण टाकून, सावकाराकडून काढून ती दिली. अनेक घरांत गाडी आधी आली आणि चालवता येणं मागाहून. नवी कोरी गाडी, मागच्या सीटवर नवी नवरी, आणि पुढं महिनाभरापूर्वी क्लच सोडायला शिकलेला माणूस. शिकण्याचा जो सावकाश क्रम लुना आणि एम-८० नं घालून दिला होता, तो या गाड्यांनी मोडला. बापाचं कर्ज आणि मुलीचा जीव, दोन्ही त्या एका गाडीवर टांगलेलं असायचं.

कायद्यात हे सगळं फार नीट लिहिलेलं होतं. मोटार वाहन कायदा १९८८ चा, लागू झाला १ जुलै १९८९ ला. वयाची अठरा वर्षं पूर्ण. ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी सोळा. आधी शिकाऊ लायसन, त्याची मुदत सहा महिने, आणि मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसनची परीक्षा नाही. म्हणजे निदान महिनाभर सराव करा, असंच कायद्याचं सांगणं. त्याखालचे १९८९ चे नियम आणखी बारकाईनं बोलतात. शिकणाऱ्याच्या सोबत लायसनवाला शिकवणारा हवा आणि गाडी आवरता येईल अशा जागी तो बसलेला हवा. मोटारसायकलवर शिकवणारा सोडून दुसरं कोणी बसवायचं नाही. गाडीवर पांढऱ्या पाटीवर तांबडं ‘एल’ अक्षर, पाटी निदान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर निदान १० सेंटिमीटर उंच. माळावर पोराच्या मागं बसून हँडलला हात लावणारे काका हा नियम न वाचताच पाळत होते. ‘एल’ची पाटी मात्र फारशी कुणी लावली नाही.

लायसनसाठी नांदेडला आरटीओत जायचं, नाहीतर तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचा कॅम्प असेल त्या दिवसाची वाट बघायची. कॅम्पच्या दिवशी गर्दी. चुन्याच्या रेघांनी आठचा आकडा काढलेला, नाहीतर चार दगड, चार डबे ठेवून केलेला. निरीक्षक साहेब एका बाजूला उभे. पाय न टेकता आठ काढायचा. त्यासाठी लागतं काय? बारीक रेस, अर्धा क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय, नजर वळणाच्या पुढं. म्हणजे काकांनी माळावर जे घोटून घेतलं होतं तेच. म्हणून या भागातली मुलं आठ सहज काढायची. नियमांत परीक्षेच्या कसोट्यांमध्ये अचानक थांबून दाखवणंही आहे, पण साठच्या वेगात गाडी घेऊन ती थांबवून दाखवायला कॅम्पच्या मैदानात जागा कुठून असणार? शिकवणाऱ्यानं जे शिकवलं नाही, तेच परीक्षेनंही विचारलं नाही.

मग रस्ता बदलला. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली आणि आतल्या खेड्यांना डांबर लागू लागलं. नांदेड-लातूर रस्ता राष्ट्रीय महामार्ग ३६१ झाला; चाकूर ते लोहा, लोहा ते वारंगा अशा टप्प्यांत त्याच्या चौपदरीकरणाची कामं निघाली. गाड्याही बदलल्या. २००१ ला पल्सर आली, १५० आणि १८० सीसीची, आणि गावातल्या पोराच्या हातात असा वेग आला जो त्याच्या काकांनी कधी पाहिलाही नव्हता. पोरानं मात्र ब्रेक मारला तो काकांचाच, फक्त मागचा.

साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर जाते. समोर म्हैस आली, ट्रॅक्टरची बिनदिव्याची ट्रॉली दिसली, की ओळखून पाय हलेपर्यंतच तेवढं अंतर गेलेलं असतं. पुढं उरतो तो ब्रेक. ब्रेक लागला की गाडीचं आणि माणसाचं वजन पुढं झुकतं, मागचं चाक हलकं होतं आणि पुढचं रस्त्याला घट्ट धरतं. म्हणून कोरड्या डांबरावर थांबवण्याची ताकद मुख्यतः पुढच्या ब्रेकची असते. नुसता मागचा दाबला तर चाक आवळतं, गाडी आडवी घसरत जाते आणि थांबायला कितीतरी जास्त अंतर घेते. माळावर जीव वाचवणारं तेच वाक्य हायवेवर जीव घेऊ लागलं. काकांचं चुकलं नव्हतं. त्यांच्या पायाखालचा रस्ता बदलला आणि तो बदलल्यावर पुन्हा शिकवायला कोणीच आलं नाही.

आकडे मोठे आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट नसल्यानं गेलेल्यांची नोंद ५०,०२९ ची, आणि त्यांतले चौदा हजारांवर मागं बसलेले. मागं बसलेलं कोण असतं, हे मराठवाड्यात सांगायला नको. बायको, आई, तालुक्याला परीक्षेला निघालेली बहीण.

शिकवण्याची रीत कशी वाढवता येते याची उदाहरणं बाहेर आहेत. जपानमध्ये होंडानं १९६४ मध्येच सुझुका इथं वाहतूक शिक्षणाचं केंद्र काढलं. अमेरिकेत १९७३ मध्ये मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशन उभं राहिलं. त्यांचा नवशिक्यांचा अभ्यासक्रम सुरू होतो तो मोकळ्या पार्किंगमध्ये, आणि पहिल्या धड्यांत असतं काय? क्लच जिथं पकडतो ती जागा शोधणं, गाडी त्या जागेवर पुढं-मागं झुलवणं. लोह्याच्या माळावरचा पहिला धडा आणि तिथला पहिला धडा एकच आहे. फरक पुढं आहे. तिथं त्यानंतर वेगातून झटपट थांबणं, अडथळा चुकवणं, वळणाआधी वेग उतरवणं हे सगळं एकेक करून, पुन्हा पुन्हा करून घेतलं जातं. ब्रिटननं १९९० पासून नवशिक्याला असं मूलभूत प्रशिक्षण घेतल्याशिवाय रस्त्यावर यायलाच बंदी केली. आपल्याकडे मोटर ट्रेनिंग स्कूल म्हटलं की डोळ्यापुढं येते ती चारचाकी. तालुक्याच्या गावात मोटारसायकल शिकवण्याची शाळा शोधायला गेलं तर सापडणं कठीण.

शिकवणाऱ्याच्या जागी शेवटी यंत्र आलं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या गाड्यांना चाक आवळू न देणारं एबीएस आणि त्याखालच्या गाड्यांना सीबीएस सक्तीचं झालं. सीबीएस म्हणजे एकच ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागतो. पोरानं सवयीनं नुसता उजवा पाय दाबला तरी पुढचं चाकही थोडं धरलं जातं. शेतकऱ्याची शंभर-सव्वाशे सीसीची नवी गाडी आता अशी येते. जुन्या स्प्लेंडर मात्र अजून हजारोंनी रस्त्यावर आहेत आणि त्यांचा पुढचा ब्रेक कित्येकांनी सैलच ठेवलेला असतो, मुद्दाम.

त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंही एक गोष्ट केली. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. कायदा कडक आहे आणि तसा हवाही. पण त्यात एक फट राहून गेली आहे. सोळाव्या वर्षी ५० सीसीची गाडी चालवता येते असं कायदा अजून म्हणतो आणि ५० सीसीची गाडी बाजारात उरलेली नाही. लुना गेली, टीव्हीएस-५० गेली; टीव्हीएसची खेड्यातली एक्सएल आज १०० सीसीची आहे. शिकण्याची कायदेशीर पहिली पायरीच कोणी काढून नेल्यासारखी झाली. लोह्याच्या कॉलेजपासून दहा-पंधरा किलोमीटरवर असलेल्या गावातल्या, सोळा-सतरा वर्षांच्या, एसटी चुकलेल्या पोरासमोर मग घरातली स्प्लेंडर उरते. लायसनशिवाय, अनुभवाशिवाय, थेट हायवेवर.

मुलींची गोष्ट यातली सर्वांत नवी. त्यांना माळावर कुणी नेलं नव्हतं. सायकल शिकलेल्या मुलीही लग्नानंतर मागच्या सीटवर, एका बाजूला पाय सोडून बसल्या. बिनगिअरच्या गाड्यांनी ते बदललं. नव्वदच्या दशकात स्कूटी, २००१ ला ॲक्टिव्हा. आधी नांदेड-लातूरच्या शिकवणीला जाणाऱ्या मुली, मग शिक्षिका, नर्स, आशाताई, बचत गटाच्या कामानं चार गावं फिरणाऱ्या बाया. सकाळी लवकर, शाळेच्या मैदानात कोणी नसताना शिकायचं, हा त्यांचा रिवाज. पोरांना चार जणांनी बघितलेलं आवडायचं, बायांना ते नको असतं. शिकवणारा बहुतेक भाऊ किंवा नवरा असतो. अलीकडे मुलगीच आईला शिकवताना दिसते. क्लचचा प्रश्नच नसल्यानं पहिला धडा थेट ब्रेकचा असतो, आणि स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातात असल्यानं ‘पुढचा दाबू नको’ हे वाक्य त्यांच्यापर्यंत तितक्या जोरानं पोचलेलं नाही. चाळिशीतली बाई सीटच्या कडेवर बसते, दोन्ही पाय जमिनीला लावून आधी नुसती गाडी ढकलत जाते, मग मूठ जराशी पिळते. मुलगी बाजूनं चालत असते. “दोन्ही दाब आई, दोन्ही, सोबत.” गाडी थांबते. पुन्हा एकदा.